कार्बन फिल्टरला दोष देण्याआधी या चुका टाळा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "साहेब, कार्बन मेला. नवीन किती लागेल?" कार्बन म्हणजे पाणी साफ करायला फिल्टरच्या टाकीत भरतात ते सक्रिय कोळशाचे दाणे. कधी भरला होता विचारलं तर म्हणतात, दिवाळीत. म्हणजे रंगपंचमीच्या आत पाचशे किलो माल गेला. जाऊन टाकी उघडली की बऱ्याचदा दिसतं ते वेगळंच: कार्बन मेलेला नसतो, त्याचा गळा आवळलेला असतो.

कार्बन स्पंजासारखं पाणी पीत नाही. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कार्बनच्या आतल्या छिद्रांच्या भिंती पसरल्या तर 500 ते 1500 चौरस मीटर भरतात. घाण या भिंतींना चिकटते, तेच अधिशोषण. पण तिथवर पोचायचं दार अतिसूक्ष्म असतं आणि सगळा घोळ दाराशी होतो.

तेल आधी काढा

सातपूर-अंबडच्या मशीन शॉपमधलं कूलंटचं (धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात त्याचं) पाणी ताकासारखं पांढरं दिसतं. ते बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात मिसळून राहिलेलं तेल असतं. टाकीत रात्रभर ठेवलं तरी वर येत नाही, म्हणून ऑपरेटर समजतो की तेल नाहीच, आणि पाणी सरळ कार्बनवर सोडतो. आठवड्याभरात दाण्यांवर तेलाचा थर बसतो आणि दारं बंद.

आधी आम्ल किंवा तुरटीने हे ताक फोडा, वर आलेलं तेल काढून घ्या, गाळ खाली बसू द्या, मग सँड फिल्टर आणि शेवटी कार्बन. शंका असेल तर टाकीच्या वरच्या थरातले मूठभर दाणे गरम पाण्यात ढवळून बघा. तवंग आला तर नवीन कार्बन मागवून उपयोग नाही, तोही तसाच जाईल. बॅकवॉश दिल्यानंतरही, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून थर धुतल्यावरही, आत-बाहेरच्या प्रेशर गेजमधला फरक खाली येत नसेल, तर तेही याच दुखण्याचं लक्षण असू शकतं.

पंप पूर्ण सोडू नका

हा हिशोब कागदावर करूनच बघा. टाकीचा व्यास 60 सेंटीमीटर आणि कार्बनचा थर एक मीटर असेल तर आत साधारण 280 लिटर कार्बन बसतो. तासाला 5000 लिटरचा पंप पूर्ण सोडला तर पाण्याला कार्बनसोबत जेमतेम साडेतीन मिनिटं मिळतात. क्लोरीन काढायला तेवढा वेळ बहुधा पुरतो. रंग, वास, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) यांच्यासाठी मात्र 10 ते 20 मिनिटं धरावी लागतात, म्हणजे याच टाकीतून तासाला साधारण 850 ते 1700 लिटर. "शिफ्ट संपायच्या आत टाकी रिकामी करायची" म्हणून व्हॉल्व पूर्ण फिरवतात आणि लॅबचा रिपोर्ट खराब आला की शिव्या कार्बन देणाऱ्याला.

पिवळं पाणी म्हणजे नुसता रंग नव्हे

ही चूक प्लेटिंगवाल्यांची, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्यांची, आणि सगळ्यात महागाची. क्रोमच्या धुण्याचं पाणी पिवळं दिसतं, म्हणून रंग काढायला कार्बन टाकतात. तो रंग हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्या विषारी रूपाचा असतो. आम्लात कार्बन थोडंफार काम करतोही, पण भरवशाचं नाही. सरळ रस्ता असा: पीएच 2 ते 3 वर आणा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाका, पिवळं पाणी हिरवट झालं की चुना किंवा कॉस्टिकने पीएच साडेआठच्या जवळ न्या आणि गाळ बसवा. निकेलच्या बाथमध्ये ब्राइटनर (चमक आणणारं रसायन) सडून प्लेटिंग ठिसूळ होऊ लागतं तेव्हा मात्र कार्बन हेच औषध. तिथेही आधी हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन बाथ गरम ठेवा, पेरॉक्साइड पूर्ण उडू द्या आणि मगच कार्बन पावडर टाका. घाई केली तर कार्बन घाणीऐवजी पेरॉक्साइड फोडत बसतो.

याचा घरगुती अवतार म्हणजे बोअरचं पाणी. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुतेक जड. पाथर्डी फाट्याकडच्या एका सोसायटीने नळांवरचे पांढरे डाग जावेत म्हणून मोठा कार्बन फिल्टर बसवला. डाग जसेच्या तसे. जडपणा म्हणजे विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, ते कार्बनला चिकटत नाही. त्यासाठी सॉफ्टनर हवा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि नायट्रेटही कार्बनच्या आवाक्याबाहेर. फ्लोराइडसाठी सक्रिय ॲल्युमिना वापरतात, आणि तोही पीएच साडेपाच-सहाच्या आसपास ठेवला तर नीट काम करतो. दिंडोरीकडे वाइनमधली प्रथिनांची धूसरता काढायला बेंटोनाइट (एक प्रकारची माती) लागतो. तो आधी पाण्यात चांगला फुगवून घ्यावा लागतो, कोरडा टाकला की गोळे. वाइनला कार्बन जास्त झाला तर रंगाबरोबर सुगंधही जातो, मग ती कितीही चांगल्या द्राक्षाची असो.

बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा घाण?

फिल्टरमधून निघालेलं पाणी आत सोडलेल्यापेक्षा घाण आलं की लोक याला लॅबची चूक म्हणतात. ती चूक नसते. कार्बन आधी पकडलेला पदार्थ सोडून जास्त घट्ट चिकटणाऱ्याला जागा देतो. एखाद्या दिवशी ड्रम धुतलेलं वेगळंच पाणी आलं की जुनं पाहुणं बाहेर ढकललं जातं आणि आउटलेटचा आकडा इनलेटच्या वर जातो. म्हणून येणारं पाणी आधी मोठ्या टाकीत एकत्र करून एकसारखं करा आणि शक्य असेल तर एकामागे एक दोन टाक्या लावा. पहिलीच्या आउटलेटला घाण दिसू लागली की पहिली बदला, दुसरी पुढे आणा, नवी मागे लावा. महिन्यातून एकदा फक्त शेवटच्या नळाचं सँपल पाठवणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

बॅकवॉशने कार्बन ताजा होत नाही, नुसता गाळ निघतो. उन्हात वाळवूनही नाही. पुन्हा जिवंत करायला वाफेसोबत 800-900 अंशांची भट्टी लागते.

भरताना

नवा कार्बन कोरडाच भरून लगेच पाणी सोडू नका. दिवसभर भिजू द्या, छिद्रांतली हवा निघाली पाहिजे. पहिलं पाणी काळं येतं, ते येणारच. साफ होईपर्यंत हळू बॅकवॉश द्या आणि थर फुगायला वर निम्मी जागा मोकळी ठेवा, नाहीतर अर्धा माल गटारात.

आणि ओला कार्बन असलेल्या बंद टाकीत माणूस कधीही उतरवू नका. ओला कार्बन आसपासच्या हवेतला प्राणवायू खातो. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस सरळ कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. उतरायलाच लागलं तर आत हवा खेळवा, ऑक्सिजन मीटरने तपासा आणि बाहेर एक जण फक्त दोर धरून उभा ठेवा.

वापरलेला कार्बन पोत्यात भरून नासर्डीच्या काठावर टाकलेला मी पाहिला आहे. जे पाण्यातून काढायला एवढा खर्च केला, तेच पहिल्या पावसात परत पाण्यात. कारखान्याचा असा कार्बन बहुधा घातक कचऱ्यात मोडतो, त्याची वेगळी नोंद ठेवून अधिकृत केंद्राकडेच पाठवा आणि पावती फाइलला लावा.