पानं सुकलेली, मुळं कुजलेली

घोडबंदर रोडवरच्या आमच्या बाल्कनीत ऐन पावसाळ्यात फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पानं सुरकुतली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तहानलंय गं, पाणी घाल." पण कुंडी उचलली तर जड, वर कुबट वास. झाड सरळ बाहेरच काढलं.

चांगलं मूळ टणक लागतं. कोरडं असताना चंदेरी, भिजलं की हिरवं. इथली बरीचशी तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत ओढलं की साल निघून हातात नुसता दोरा. म्हणजे पाणी होतं, ते ओढणारी मुळंच नव्हती! कारण खोडाखाली सापडलं: नर्सरीतूनच आलेला स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, गच्च बोळा, आतून चिंब.

कात्री गॅसवर तापवून कुजकं सगळं कापलं. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकांना. निरोगी मुळांना लागली तर तीही सुकतात. भोकाभोकांच्या कुंडीत कोळसा, विटांचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरले. हवेतली मुळं बाहेरच ठेवली. खत बंद. पाणी आता सकाळी, तेही मुळं चंदेरी दिसली तरच.

जुनी पानं पूर्ण ताठ होतील असं वाटत नाही, पण खोडापाशी नवं मूळ फुटलंय. फुलांचं थंडीत बघू.