रानातला पतंग ओळखताना या चुका टाळा

वळवाचे दोन-चार पाऊस झाले की पाटण, कोयनानगर, बामणोलीकडून माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. पडवीतल्या दिव्याखाली किंवा एसटी थांब्याच्या भिंतीवर बसलेला पतंग आणि खाली एकच ओळ: "दादा, हे कुठलं फुलपाखरू?" कुठे सापडला असं विचारलं तर उत्तर येतं, "सातारा जिल्हा." एवढ्यावर बऱ्याच पतंगांचं नाव सांगता येत नाही. सांगितलंच तर ते चुकण्याची शक्यता जास्त.

सातारा जिल्हा म्हणजे एक जागा नव्हे. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात ५०० च्या आसपास. एकीकडे अंजन, जांभूळ, हिरडा, दुसरीकडे बाभूळ आणि बोर. झाडं बदलली की त्यांच्यावर वाढणाऱ्या अळ्या बदलतात आणि पतंगही. सांगलीतही शिराळ्याच्या पश्चिमेचं चांदोलीचं रान आणि जतचा माळ यांत असाच फरक आहे.

फुलपाखरू की पतंग

हा घोळ लवकर मिटतो. मिशा पाहा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी पिसासारखी किंवा साध्या दोऱ्यासारखी असते. "रात्री दिसला म्हणजे पतंग" हा नियम धरू नका. संध्याकाळी घरातल्या दिव्याकडे येणारं, वाळक्या पानासारखं दिसणारं एक तपकिरी फुलपाखरू आपल्याकडे सगळीकडे आहे. उलट काही पतंग भर उन्हात उडतात. गांधीलमाशीसारखा दिसणारा, काळ्या पंखांवर पारदर्शक ठिपके आणि पोटावर पिवळे पट्टे असलेला छोटा पतंग गवतावर दिवसाच बसलेला असतो.

दिव्याखाली सापडला म्हणजे तिथेच राहतो असं नाही

सगळ्यात मोठी चूक ही. दिव्याने पतंगाला वाटेवरून ओढून आणलेलं असतं. त्याचं घर म्हणजे त्याच्या अळीचं झाड.

आटपाडीच्या डाळिंबवाल्यांना फळातला रस शोषणारा पतंग चांगलाच माहीत आहे. रात्री बॅटरी घेऊन बागेत गेलं की पिकत्या फळावर सोंड खुपसून बसलेला सापडतो. म्हणून तो डाळिंबावरच राहतो असं धरलं जातं. पण त्याची अळी डाळिंबाला तोंडही लावत नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर, म्हणजे बांधावरच्या, ओढ्याकाठच्या, डोंगरउताराच्या झुडपांत. बागेभोवतीच्या या वेली काढा असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो तो याच कारणाने. या पतंगाची नोंद करताना "डाळिंब बाग, आटपाडी" एवढंच लिहिलं तर तो कुठे जेवायला आला ते कळतं, कुठे जन्मला ते नाही.

याच्या उलट चूक सांगली जिल्ह्यातल्या दंडोबाच्या डोंगरावर होते. पतंग पाहायला रात्री दिव्यासमोर पांढरी चादर लावतात; ती रानाशेजारी लावली म्हणून चादरीवरचे सगळे पतंग रानातलेच, असं समजून यादी होते. खाली ऊस आणि मक्याची शेतं आहेत. चादरीवर येणाऱ्यांत लष्करी अळीचे पतंग असतात, उसाच्या खोडकिड्याचेही असतात. मक्यावरची ती अमेरिकन लष्करी अळी तर भारतात २०१८ मध्येच पहिल्यांदा नोंदली गेली. तिचं नाव "दंडोबाच्या वनातील पतंग" या यादीत गेलं तर ती यादी रानाबद्दल काहीच सांगत नाही. सागरेश्वरला मला हे जास्त जाणवतं. उजाड डोंगरावर माणसांनी कष्टाने परत उभं केलेलं ते रान आहे. तिथे रानाचे म्हणावेत असे पतंग किती परतले हे कळायचं असेल तर आधी खालच्या शेतातून आलेले पाहुणे वेगळे काढावे लागतात.

यावर माझा उपाय साधा आहे. रात्री दिव्यावर जे दिसलं ते "दिव्यावर" असंच लिहायचं. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच ठिकाणी शंभर-दोनशे पावलांच्या आतली झाडं, वेली, पिकं लिहून काढायची. झाडाचं शास्त्रीय नाव येत नसेल तर गावातल्या माणसाला विचारा. ऐन, किंजळ, मोई, कुंभा ही नावं गुराखी बिनचूक सांगतात.

फोनने सांगितलेलं नाव

फोटोवरून नाव सांगणारं ॲप वापरायला माझी हरकत नाही, मीही वापरतो. पण ॲपने दिलेलं पहिलं नाव उचलून पुढे पाठवू नका. पोपटी पंखांचा, लांब शेपट्यांचा चंद्रपतंग कोयनेच्या पट्ट्यात दिसतो. त्याला कितीदा तरी "लुना" म्हटलेलं मी पाहिलं आहे. लुना उत्तर अमेरिकेतला. आपला तो ॲक्टियस सेलेने. दोघे भाऊभाऊ दिसतात, म्हणून इथे फोटोपेक्षा ठिकाण जास्त बोलतं. नाव आलं की पहिला प्रश्न हा विचारा: ही जात भारतात आहे का? असली तर पश्चिम घाटात आहे का?

ॲटलस पतंगाचंही तेच. पंखांच्या टोकाला सापाच्या डोक्यासारखा आकार, मध्ये काचेसारख्या त्रिकोणी खिडक्या आणि थाळीएवढा पसारा. हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्येत असतो तो ॲटॅकस ॲटलस. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो तो ॲटॅकस टॅप्रोबॅनिस. आपल्या घाटातला पतंग पाहताना हा दुसरा आधी तपासायला हवा. दरवर्षी "दुर्मिळ पतंग आढळला" अशी बातमीही येते. कमी दिसतो म्हणून दुर्मिळ, हे बरोबर नाही. या पतंगाला मोठेपणी खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो काही दिवस जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि संपतो. इतक्या थोड्या दिवसांत तो आपल्या पडवीत यावा हाच योग असतो.

नर, मादी आणि झिजलेले पंख

एकाच जातीचे दोन पतंग दोन वेगळ्या जाती म्हणून लिहिले जातात. टसर रेशमाच्या पतंगात हे हमखास होतं. नराचे पंख विटकरी तर मादीचे पिवळसर, आणि त्यातही छटा अनेक. मिशा पाहा: नराच्या रुंद, पिसासारख्या, मादीच्या अरुंद. पंखांवरचे चार गोल पारदर्शक डोळे दोघांना सारखेच. टसर रानात आहे का हे पाहायला पावसाळ्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐनाची पानं गळाली की फांदीला कडक देठाने लटकलेले अंड्याएवढे कोष उघडे पडतात. ते तोडू नका. आत जीव असतो.

जुना पतंग खवले झडून फिका पडतो, शेपटी तुटते, नक्षी पुसते. अशा वेळी रंगावर न जाता बसण्याची ढब आणि पंखांचा आकार पाहा.

फोटोत काय हवं

फक्त वरून काढलेला एक फोटो पुरत नाही. वरून, बाजूने आणि जमलं तर खालून असे तीन तरी हवेत, मिशा स्पष्ट दिसायला हव्यात आणि शेजारी मापाला एखादं नाणं असावं, अंगाला न लावता. फळाचा रस शोषणारा तो पतंग बसलेला असताना वाळकं पान वाटतो. त्याचे नारिंगी मागचे पंख पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात. काडीने डिवचू नका. उडण्याआधी पतंग अंग तापवायला थरथरतो आणि तेव्हा पुष्कळदा मागचे पंख उघडतो. कॅमेरा धरून थांबा.

इतकं करूनही पुष्कळ बारक्या तपकिरी पतंगांची जात फोटोवरून कळत नाही. त्यांच्या जननांगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. अशा वेळी कुळाच्या किंवा प्रजातीगटाच्या नावावर थांबायचं. "तिळावरचा कवटी पतंग, जात नक्की नाही" ही नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी कामाची.

चादर लावताना

कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे रात्री जायचं नाही. गवे आणि अस्वलं आहेत, आणि कायदाही आहे. गावातल्या स्वतःच्या अंगणात पांढरी चादर लावली तरी भरपूर दिसतं. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, वारा नसलेली रात्र निवडा. पौर्णिमेला चादर जवळपास रिकामी राहते. रात्रभर दिवा चालू ठेवू नका. पतंग तिथेच दमून बसतात आणि पहाटे कोतवाल आणि बुलबुल त्यांना टिपतात. दोन तासांनी दिवा बंद करा आणि चादर झुडपात हळूच झटका.

पहिली तीन वर्षं माझ्या वहीत फक्त पतंगाचं नाव, तारीख आणि गाव असायचं. हेळवाकजवळ पाहिलेल्या चंद्रपतंगाच्या नोंदीही तशाच. नंतर झाडं लिहायला लागलो तेव्हा कळलं की ज्या दिव्यावर तो येतो त्याच्या मागच्या उतारावर मोईची चार झाडं आहेत. गेल्या श्रावणात त्यातल्या एकीच्या पानाखाली बोटाएवढी हिरवीगार अळी दिसली, पाठीवर पिवळट गाठींच्या रांगा. वहीत त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं: चंद्रपतंग, अळी, मोईवर.