उन्हाळी लागली की लगेच काढा? या चुका टाळा

लघवीला आग झाली की घरोघरी एकच निदान होतं: उष्णता वाढली. मग धन्याचं पाणी, सब्जा, वाळा, गोखरूचा काढा. यातलं बरंचसं निरुपद्रवी आहे. घात होतो तो आग कशाची आहे हे न बघता दिवस घालवल्याने.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे आग कमी झाली की काढ्याने जंतू मेले असं धरून चालणं. उन्हात हिंडून पाणी कमी पडलं की लघवी गडद होते आणि जळजळते. पोटात पुरेसं पाणी गेलं की ती आग बहुधा त्याच दिवशी शमते. लघवीच्या मार्गातल्या जंतूंच्या संसर्गात मात्र थेंब थेंब होते, लगेच पुन्हा जावंसं वाटतं, ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ होते, कधी रक्तही दिसतं. त्यात भर म्हणजे सौम्य संसर्ग अनेक बायकांमध्ये आपोआप बरा होतो. जर्मनीत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अँटिबायोटिकऐवजी आयबुप्रोफेन हे वेदनाशामक दिलेल्या बायकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अँटिबायोटिक न घेताच बऱ्या झाल्या. त्याच दिवसांत काढा चालू असता तर सगळं श्रेय काढ्याला गेलं असतं.

उरलेल्या एक-तृतीयांश बायकांचं काय, हा प्रश्न घाईने सल्ला देणारे विचारतच नाहीत. उवा उर्सी ही युरोपातली जुनी वनौषधी; आपल्याकडे होमिओपॅथीच्या दुकानात तिचा अर्क मिळतो. जर्मनीतच 398 महिलांवर तिची फॉस्फोमायसिन या अँटिबायोटिकशी तुलना झाली. वनौषधीच्या गटात अँटिबायोटिक कमी लागलं हे खरं, पण त्रास जास्त झाला आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचे प्रकार वनौषधीच्या गटात 8, तर फॉस्फोमायसिनच्या गटात 2 निघाले. इतक्या काटेकोरपणे तपासलेल्या वनस्पतीची ही गत. गोखरू, पुनर्नवा, वरुण यांच्या तर एवढ्या मोठ्या चाचण्याच नाहीत. म्हणून नियम सरळ ठेवा: थंडी वाजून ताप, कमरेच्या वर बाजूला दुखणं किंवा उलटी, यांतलं काहीही असेल तर काढा बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. पुरुष, लहान मुलं, मधुमेही आणि गरोदर बायका यांनी एवढीही वाट पाहू नये. गरोदरपणात तर त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी उपचार करतात.

गोखरू घ्यायचंच असेल तर काटेरी फळ ओळखून घ्या. लहान गोखरू आणि मोठं गोखरू या दोन वेगळ्या वनस्पती आहेत आणि दुकानात एकीच्या जागी दुसरी सर्रास खपते. पूड घेतली तर ओळखणार कशी?

धन्याचं पाणी बिनधास्त प्या: चमचाभर धने ठेचून पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून घ्या. उपयोग मुख्यतः त्यातल्या पाण्याचा. दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्यावर वर्षभरात संसर्ग जवळपास निम्म्यावर आल्याचं 2018 च्या एका चाचणीत दिसलं. एवढा पुरावा आपल्या कुठल्याच काढ्यामागे नाही.

क्रॅनबेरी या आंबट परदेशी फळाचं काम प्रतिबंधाचं, तेही वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी. चढलेला संसर्ग ती उतरवत नाही. साखर घातलेला डब्यातला रस घेऊन तर काहीच हाती लागत नाही. डी-मॅनोज या साखरेच्या प्रकाराची भुकटी महाग आहे, आणि 2024 च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत तिचा प्रतिबंधासाठी फायदा दिसला नाही.

खायचा सोडा नको. चमचाभरात हजार मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. शिवाय लघवी अल्कधर्मी झाली की या संसर्गावरच्या नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकचा जोर कमी होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे नारळपाणीही डॉक्टरांना विचारूनच.

आणि कपाटातली अँटिबायोटिकची उरलेली अर्धी स्ट्रिप! दोन गोळ्यांनी आग थांबते, जंतू अर्धवट मरतात आणि कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. नमुना औषधाचा पहिला डोस घेण्याआधी द्या: पहिली धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्या आणि तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिली तर जंतू वाढतात आणि अहवाल चुकतो.