वडिलांची बंदूक घरात राहिलीय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात पाटणकडचं एक पोरगं माझ्या टेबलासमोर येऊन उभं राहिलं. खांद्याला युरियाची पांढरी गोणी, वरून सुतळीनं आवळलेली. म्हणालं, "काका, अप्पांची बंदूक नावावर करायचीय. बरोबरच आणलीय."

साताऱ्यात जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर मी बावीस वर्षं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करून देतोय. लोक सातबारा आणतात, रेशनकार्ड आणतात. एकानं तर भावकीच्या भांडणात पडलेला दात पुडीत बांधून आणला होता. बंदूक मात्र पहिल्यांदाच.

"रिकामी हाय का?"

"अप्पा गेल्यापासनं कुणी हातच लावला नाय."

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. हात लावला नाही, म्हणजे उघडून कुणी बघितलीच नाही. गेटवरच्या पोलिसाला हाक मारली. त्यानं पोराला मागं सारलं, गोणी सोडली, नळ्यांची तोंडं जमिनीकडं धरून खटका सरकवला. दुनळी बारा बोअर, आणि दोन्ही नळ्यांत काडतुसं. जुनी, पुठ्ठ्याची, दमट हवेनं फुगलेली, ओढून निघेनात. आणि हे पोरगं पाटणपासून साताऱ्यापर्यंत एसटीत ती गोणी गुडघ्यांत उभी धरून, वर हनुवटी टेकून झोपत आलं होतं.

अप्पांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. "वर्षश्राद्ध झालं की बघू, असं ठरलं होतं," पोरगं म्हणालं. मला सगळ्यात जास्त चीड येते ती या "बघू"ची. सातबाऱ्याची वारसनोंद वर्षभर रेंगाळली तर जमीन कुठं पळून जात नाही. बंदुकीचं तसं नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की घरातल्या कुणालाच ती बाळगायचा अधिकार राहत नाही, मग परवान्याच्या पुस्तकावर मुदत कितीही शिल्लक असू दे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 21 सांगतं की अशी बंदूक आणि काडतुसं विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा, किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं ठेवा. जमा केली नाही तर कलम 25 आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची कैद आहे. "आम्ही वापरतच नव्हतो" हे तिथं कामाला येत नाही.

माझ्याकडं येणाऱ्यांना मी सांगतो की दहाव्याच्या आत जमा करा. ही मुदत कायद्यातली नाही, माझी आहे. तेवढ्यात घरचे सगळे गावातच असतात आणि कुणी "बघू" म्हणायच्या आत काम उरकतं. बंदूक स्वतः उचलून निघू नका. आधी पोलीस पाटलाला सांगा, ठाण्याला फोन करा, कशी आणायची की तेच येतात ते विचारा. भरलेली आहे की नाही ते जाणत्या माणसालाच बघू द्या. चालते का बघायला रानात एक बार काढणारे शहाणे मला दर वर्षी भेटतात, त्यांच्याविषयी मी लिहीत नाही. जमा केल्यावर पोहोच घ्या. पोहोचेवर बंदुकीचा नंबर, बोअर आणि काडतुसांची संख्या हवी. नुसतं "एक बंदूक जमा" लिहिलेला कागद मी परत पाठवतो.

काडतुसं विसरू नका. पट्टा खुंटीला तसाच राहतो, चार-पाच काडतुसं तिजोरीत निघतात. कृष्णेत टाकू नका, चुलीत तर नकोच. तीही जमा करायची.

दुसरी चूक, जमा झाली म्हणजे झालं असं समजणं. कराडकडच्या एका गृहस्थांनी 2024 च्या लोकसभेला, 7 मेच्या मतदानाआधी, दर निवडणुकीला करायचे तशी बंदूक ठाण्यात जमा केली. आचारसंहिता उठली, पण ती परत आणायच्या आत ते वारले. मुलगा निवांत. बंदूक ठाण्यात आहे, पावती कपाटात आहे, मग घाई कसली? विधानसभा होऊन गेली, वर्ष गेलं, आणि साहेब वडिलांच्या नावाची पावती घेऊन ठाण्यात. मिळाली नाही. तिथून तणतणत माझ्याकडं. अहो, देतील कशी? ज्याची पावती तो माणूस नाही आणि तुमच्या नावावर परवाना नाही. जमा शस्त्राला मुदत असते. त्या मुदतीत वारसानं परवाना मिळवला किंवा परवाना असलेल्या माणसाला रीतसर विकली तर ठीक, नाहीतर ती सरकारजमा होते. मृत्यूचा दाखला हातात आला की एक अर्ज ठाण्याला आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला द्या, आणि दोन्हीच्या पोहोचा एकाच फाईलला लावा. मला द्यायचे पैसे वाचवायचे असतील तर हातानं लिहा, चालतं. प्रतिज्ञापत्रालाही स्टँप पेपर लागत नाही. सरकारी कार्यालयात द्यायचं असेल तर साध्या कागदावर होतं.

नावावर होईलच असं धरूनही चालू नका. 2016 च्या शस्त्र नियमांतला 25 वा नियम वारसाला परवाना "देता येईल" म्हणतो, द्यायलाच हवा असं म्हणत नाही. अर्जदाराला 21 वर्षं पूर्ण हवीत, पोलिसांचा अहवाल चांगला हवा, वैद्यकीय दाखला हवा, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला हवा. बांधावरून भावकीशी मारामारी करून चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची पोलिसांची प्रतिबंधक कारवाई, अंगावर घेतलेले लोक मला विचारतात, अहवाल का अडला?

याच नियमात एक सोय आहे आणि ती कुणी वापरत नाही. परवानाधारकाला 70 वर्षं झाली, किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो जिवंतपणीच वारसाचं नाव सुचवू शकतो. आपल्या जिल्ह्यात फौजींची घरं ढिगानं. निवृत्त होऊन बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन बसलेले कितीतरी आज पंचाहत्तरीला आलेत. अप्पाही अठ्ठ्याहत्तरचे होते. पण म्हाताऱ्यासमोर हा विषय काढायचा कुणी?

बाकीच्या चुका थोडक्यात. एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशानं आलेलीही त्यातच मोजतात. स्वतःच्या दोन असतील तर वडिलांची तिसरी घेता येणार नाही. पणजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. ती जुन्या बनावटीची आणि दुरुस्त करूनही न उडणारी असली तरच, आणि ते ठरवणारे तुम्ही नाही. परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला विशिष्ट क्रमांक पडलेला आहे का ते पहिल्या भेटीतच सांगा, शेवटच्या नको. खंडेनवमीला पूजेत ठेवून स्टेटसला फोटो टाकू नका, ठाण्यातले लोकही स्टेटस बघतात. "आठ दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. दिलेत, तर बुडाल्यावर माझ्याकडं रडत येऊ नका.

आणि बहिणी. अर्जाला इतर वारसांची ना-हरकत लागते आणि लोक येतात फक्त भावांच्या सह्या घेऊन. "तिचा काय संबंध, ती दिल्या घरी गेली." संबंध आहे. वारस म्हणजे मुलगीसुद्धा. पाटणच्या पोरानंही हेच केलं होतं. त्या दिवशी गेटवरच्या पोलिसानं त्याला बंदुकीसकट ठाण्यात नेलं, तिथं जबाब झाला, बंदूक जमा झाली. नशीब चांगलं, तेवढ्यावर निभावलं. पोहोच घेऊन आला तेव्हा मी त्याला परत पाठवलं, म्हटलं दोघी बहिणींना घेऊन ये.

दिवाळीनंतर तिघं आली. थोरलीनं मुकाट सही केली. धाकटीनं ना-हरकत नीट वाचली, खाली ठेवली आणि भावाला म्हणाली, "तुला साधी उघडून बघता आली नाय. कॉलेजला एनसीसीत रायफल मी चालवलीय. माझ्याच नावानं करा." मी भावाकडं बघितलं. त्यानं मान खाजवली आणि म्हणाला, "करा तिच्याच नावानं."

ना-हरकत परत टाईप केली, या वेळी भाऊ आणि थोरलीच्या नावानं. अर्ज गेलाय. पोलीस अहवाल अजून यायचाय.