मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात संज्ञापन आणि माध्यमांचा अभ्यास कसा करावा

संज्ञापन आणि माध्यम या विषयाला प्रवेश घेतल्यावर सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की, या एका नावाखाली दोन घराणी नांदत असतात. पहिले घराणे कामाचे: बातमी लिहिणे, संपादन, चित्रीकरण, ध्वनिमुद्रण. मिसुरी या सार्वजनिक विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय काढले आणि त्यानंतर हे शिक्षण अनेक विद्यापीठांत स्थिरावत गेले. दुसरे घराणे संशोधनाचे असून ते युद्धकाळातील प्रचार, रेडिओ आणि मतदारांचे वर्तन यांच्या अभ्यासातून वाढले. बऱ्याच विभागांत ही दोन्ही घराणी एकाच छताखाली राहतात, पण त्यांचे प्राध्यापक, मूल्यमापनाच्या पद्धती आणि पदवीनंतरच्या वाटा वेगळ्या असतात. म्हणून अभ्यासक्रमाचे आकर्षक नाव पाहून निर्णय घेऊ नये. अनिवार्य विषयांची यादी आणि प्राध्यापकांचे अलीकडचे लेखन वाचून आपला ओढा कुठे आहे ते ठरवावे, आणि दुसऱ्या बाजूचे निदान दोन विषय तरी घ्यावेत.

मोठ्या विद्यापीठात ऐच्छिक विषयांची रेलचेल असते आणि नेमकी तीच अडचण ठरते. थोडी जाहिरात, थोडा चित्रपट, थोडे समाजमाध्यम असे करत श्रेयांक पूर्ण होतात, पण शेवटी हाती एकसंध असे काही उरत नाही. यावर मला पटलेला उपाय असा की, पहिल्या वर्षाच्या अखेरीस आपला एक प्रश्न ठरवावा आणि पुढचे विषय त्याच्या अनुरोधाने निवडावेत. ‘माध्यमांचा समाजावर होणारा परिणाम’ हा प्रश्न नव्हे. त्याला ना आरंभ आहे ना शेवट. ‘पाणीटंचाईच्या बातम्यांत कोणाचे म्हणणे उद्धृत होते?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर बातम्या मोजून आणि वाचून शोधता येते. असा प्रश्न असला की राज्यशास्त्र, कायदा, भाषाशास्त्र या शेजारच्या विभागांतील कोणता विषय घ्यावा हेही आपोआप सुचते; लहान संस्थेत ही सोय सहसा मिळत नाही.

सिद्धान्त वाचतानाही हाच प्रश्न बरोबर ठेवावा. कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, कोणत्या परिणामासह सांगतो, हे हॅरॉल्ड लासवेल यांचे १९४८ मधील सूत्र बहुतेकांना परीक्षेपुरते पाठ असते. त्याच वर्षी क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला, तो मूलतः दूरसंचार अभियांत्रिकीच्या गरजेतून. माणसे संदेशाचा अर्थ कसा लावतात हा त्याचा विषयच नव्हता, तरीही त्याची आकृती प्रत्येक उत्तरपत्रिकेत अवतरते. अर्थाचा प्रश्न ठामपणे पुढे आणला तो १९७३ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील संस्कृती-अभ्यासक स्ट्युअर्ट हॉल यांनी: प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारेल, त्यात फेरफार करेल किंवा त्याच्या विरोधात जाऊन वाचेल. कोणता सिद्धान्त कोणत्या अडचणीवर उत्तर म्हणून जन्मला हे कळले, की पाठांतराची गरज बरीच कमी होते.

संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती हे विषय विद्यार्थी शेवटच्या वर्षापर्यंत ढकलतात. ते दुसऱ्याच वर्षी घ्यावेत आणि लगेच एक लहानसे आशय विश्लेषण करून पाहावे. ग्रंथालयाच्या संग्रहातून एका दैनिकाच्या शंभर बातम्या निवडाव्यात, वर्गीकरणाचे नियम लिहून काढावेत आणि दोघांनी एकमेकांना न विचारता प्रत्येक बातमीची नोंद करावी. नगरपालिकेने पाणीकपात जाहीर केल्याची बातमी एक जण ‘प्रशासन’ या रकान्यात टाकतो, दुसरा ‘नागरी सुविधा’ या रकान्यात, आणि तिथेच आपला नियम किती ढिला होता ते उघडे पडते. समजा, दोनच रकाने आहेत आणि शंभरपैकी ऐंशी नोंदी जुळल्या. हा आकडा चांगला वाटतो. पण त्यातील पन्नास नोंदी केवळ योगायोगानेही जुळल्या असत्या, तर योगायोगाने जुळणाऱ्या नोंदी वगळून मेळ मोजणाऱ्या कोहेन यांच्या कॅपा गुणांकाने खरा मेळ ०.६ एवढाच भरतो (पूर्ण मेळ म्हणजे १). नियम दुरुस्त करून नोंदी पुन्हा कराव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही, पण माध्यमांविषयीचे मत आणि माध्यमांविषयीचा निष्कर्ष यांतला फरक जितका इथे कळतो तितका व्याख्यानात कळत नाही.

लहान व्याप्तीच्या अभ्यासाला कमी लेखू नये. मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल या एकाच गावातील शंभर अनिश्चित मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारले आणि त्यांची उत्तरे तिथे पोहोचणाऱ्या माध्यमांतील बातम्यांशी ताडून पाहिली. तेही नॉर्थ कॅरोलायना या सार्वजनिक विद्यापीठातच शिकवत होते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ‘अजेंडा सेटिंग’ ही संकल्पना रूढ झाली: माध्यमे ज्या प्रश्नांना महत्त्व देतात, तेच लोकांनाही महत्त्वाचे वाटू लागतात.

तीनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात प्राध्यापक नावाने ओळखतील अशी अपेक्षा धरू नये. त्यांनी भेटीसाठी ठेवलेल्या वेळा बहुधा रिकाम्या जातात. तिथे ‘मार्गदर्शन करा’ असे मोघम न म्हणता आपल्या नोंदींचा तक्ता घेऊन जावे. पुढे शिफारसपत्र मागताना लिहिणाऱ्याकडे काही ठोस आठवण असते ती अशाच भेटींमुळे. शिकवणीचे लहान गट घेणारे संशोधक विद्यार्थीही दुर्लक्षित राहतात. वास्तविक लेखनावर सविस्तर शेरे बहुतेकदा तेच देतात.

विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र किंवा रेडिओ असल्यास पहिल्याच सत्रात तिथे रुजू व्हावे. मुदत, दुरुस्ती आणि नाराज वाचक यांचा अनुभव तिथे मिळतो. कॅमेरे आणि संपादन कक्ष मात्र सत्राच्या शेवटी मिळणे कठीण होते, त्यामुळे चित्रीकरण शक्यतो सत्राच्या मध्यापूर्वी उरकावे.

प्रबंधासाठी लोकांच्या मुलाखती घ्यायच्या किंवा प्रश्नावली भरून घ्यायची असेल, तर अनेक विद्यापीठांत नीतिसमितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) पूर्वपरवानगी लागते आणि ती मिळण्यात कित्येक आठवडे जातात. प्रसिद्ध झालेल्या बातम्यांच्या विश्लेषणाला सहसा तिची गरज पडत नाही. म्हणून अर्ज समितीकडे गेला की त्या मधल्या काळात बातम्यांच्या नोंदी पूर्ण कराव्यात आणि मुलाखतींचे प्रश्न त्या नोंदींतून जे आढळले त्यावरून पक्के करावेत. मात्र मंजुरीसाठी दिलेल्या प्रश्नांत बदल झाल्यास तो समितीला कळवून पुन्हा संमती घ्यावी.