मुख्य दाराला रंग देण्यापूर्वी

घरातल्या आतल्या एखाद्या दाराचे काम चार दिवस रेंगाळले तरी बिघडत नाही. मुख्य दार मात्र त्याच रात्री लागले पाहिजे आणि त्याची कडी आतून बसली पाहिजे. त्यामुळे रंग आणि नवे हार्डवेअर अशी दोन्ही कामे एकदम काढायची असतील, तर प्रत्यक्ष रंगापेक्षा तयारीलाच अधिक वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा.

आधी हंगाम पाहावा. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड दमटपणाने फुगलेले असते. त्या दिवसांत दार घासते म्हणून सुताराकडून रंधा मारून घेतला, तर उन्हाळ्यात तेच दार आकसते आणि फटीतून जिन्यातला उजेड दिसू लागतो. पाऊस ओसरल्यावर, पण दिवाळीपूर्वीच्या घाईत रंगारी मिळेनासा होण्याआधी, हे काम धरणे सर्वांत सोयीचे. सोसायटीत राहत असल्यास दाराच्या बाहेरच्या बाजूच्या रंगाबद्दल काही नियम आहे का आणि ड्रिलचा आवाज कोणत्या वेळेत चालतो, हे समितीला आधीच विचारून घ्यावे.

त्यानंतर दार नीट तपासावे. बोटाच्या पेराने वरपासून खालपर्यंत ठोकत गेल्यास वाळवीने पोखरलेली जागा आवाजावरूनच लक्षात येते. फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटवलेले सपाट दार, असेल तर तळाची कड विशेष पाहावी, कारण लादी पुसताना लागणारे पाणी तिथेच मुरते आणि प्लायचे पापुद्रे सुटतात. असे दार कितीही रंगवले तरी टिकत नाही. जुने दार सागवानी असून त्याचे लाकूड शाबूत असेल, तर रंगाचा विचारच पुन्हा एकदा करावा. सागाचे रेषे ऑइल पेंटखाली झाकून टाकण्यापेक्षा जुना थर काढून पॉलिश करणे, खर्च वाढला तरी, माझ्या मते अधिक शहाणपणाचे आहे. दार बंद करून चारही बाजूंची फटही पाहावी. ती साधारण 2 ते 3 मिलिमीटर हवी. रंगाचे थर चढले की ती आणखी कमी होते, म्हणून रंधा मारायचा तो रंगापूर्वीच.

हार्डवेअर रंगाच्या आधी विकत आणावे, हा या तयारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तोच बहुतेक वेळा उलटा होतो. दुकानात जाण्यापूर्वी दाराची जाडी, बिजागऱ्यांची लांबी, जुन्या हँडलच्या छिद्रांमधले अंतर आणि दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहावे. दार डावीकडे उघडते की उजवीकडे आणि आत की बाहेर, हेही नोंदवावे, कारण नाइट लॅच (दार ओढले की आपोआप लागणारे कुलूप) घेताना पहिला प्रश्न तोच येतो. समुद्राजवळच्या घरात साध्या लोखंडी कड्या लवकर गंजतात, तिथे पितळ किंवा चांगले स्टेनलेस स्टील घ्यावे. नवी बिजागरी, कुलूप, अलड्रॉप (कुलूप लावता येणारी सरकती कडी), हँडल, दाराचा डोळा, सगळे एकदा कोरड्या दारावर बसवून, दार उघडझाप करून पाहावे आणि मग पुन्हा काढून ठेवावे. यामुळे छिद्रे पाडणे, खाच कोरणे ही मोडतोड रंगापूर्वीच आटोपते. जी जुनी छिद्रे उपयोगी नाहीत, त्यांत फेव्हिकॉल लावून लाकडी गुल्ली ठोकावी. नुसती लांबी (पुट्टी) भरली तर तिथे पुन्हा स्क्रू धरत नाही. पितळी स्क्रू नरम असतो, म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून वाट करून घ्यावी. प्रत्येक जोडाचे स्क्रू वेगळ्या पाकिटात नाव लिहून ठेवावेत.

दारावरचे तोरणाचे खिळे, नावाची पाटी आणि गणेशपट्टी हेही उतरवावे. बेलचे बटण काढताना आधी मेन बंद करावा.

जुना रंग घासताना काळजी घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते असे धरूनच चालावे. तो रंग कोरडा घासू नये किंवा ज्योतीने जाळू नये; वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) पाण्यात भिजवून घासावे, तोंडाला चांगला मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरावे, लहान मुलांना दूर ठेवावे आणि चिखल झालेली भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. लाकूड पूर्ण वाळल्यावर वूड प्रायमर, मग खड्ड्यांत लांबी, मग 220 नंबरच्या पेपरचा हलका हात, आणि त्यानंतर ऑइल पेंटचे दोन हात, असा क्रम असतो. यासाठी लागणारे टर्पेंटाइन, मास्किंग टेप, सुती चिंध्या, एक 2 इंची आणि कोपऱ्यांसाठी एक 1 इंची ब्रश आधीच हाताशी असावेत. सात बाय तीन फुटांच्या दाराला दोन्ही बाजूंनी दोन हात देण्यास एक लिटर रंग सहसा पुरतो. चौकटही करायची असल्यास थोडा जास्तच आणावा, कारण दुकानात मिसळून दिलेली छटा दुसऱ्या खेपेला हुबेहूब जुळेलच असे नाही.

रंगाच्या दिवशी चौकटीला टेकणाऱ्या कडा सकाळी सर्वांत आधी रंगवायच्या, म्हणजे रात्रीपर्यंत त्या बऱ्यापैकी वाळतात. तरीही दार लावताना मध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी धरावी. त्या रात्रीपुरती कडी किंवा साखळी लावता येईल अशी सोय आधीच करून ठेवावी. नव्या कुलपाच्या सगळ्या किल्ल्या दार उघडे असतानाच दोन्ही बाजूंनी फिरवून पाहाव्यात आणि नवे कुलूप आठवडाभर विनातक्रार चालेपर्यंत जुने कुलूप भंगारात देऊ नये.