मन वळलं हे मोजायचं कसं? माध्यमांच्या अर्थशास्त्रात येणाऱ्यांसाठी

अर्थशास्त्र शिकून झाल्यावर मी एका संशोधन गटात सहायक म्हणून रुजू झाले. विषय होता प्रसारमाध्यमं, लोकांचं मन वळवणं आणि राजकीय ध्रुवीकरण. पहिल्याच बैठकीत मी ठामपणे सांगून टाकलं की अमुक वाहिनी बघणारे लोक तमुक पक्षाला मत देतात, म्हणजे वाहिनीचा परिणाम होतोच. मार्गदर्शकांनी शांतपणे विचारलं, "ते लोक आधीपासूनच त्या विचारांचे होते म्हणून ती वाहिनी लावत नसतील कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. या क्षेत्रातला निम्म्याहून अधिक वेळ याच प्रश्नाशी झगडण्यात जातो. इथे यायचं तुमच्या मनात असेल तर तो प्रश्न आधी अंगवळणी पाडा, बाकीचं हळूहळू जमतं.

हा विषय पत्रकारितेचा किंवा राज्यशास्त्राचा, अर्थशास्त्रज्ञ त्यात काय करतात, असं मला अजूनही विचारलं जातं. वर्तमानपत्र हा विकला जाणारा माल आहे, वाचक गिऱ्हाईक आहे आणि बातमीचा कल हा त्या मालाचा एक गुण आहे, असं धरून बघा म्हणजे चित्र बदलतं. मॅथ्यू जेन्ट्झकौ आणि जेसी शपिरो यांनी 2010 साली अमेरिकी वर्तमानपत्रांवर नेमकं हेच केलं. तिथे वारसाहक्काच्या करासाठी दोन नावं चालतात: रिपब्लिकन खासदार त्याला 'मृत्युकर' म्हणतात, डेमोक्रॅट 'मालमत्ता कर' म्हणतात. काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, भाषणांतून अशा शब्दजोड्या काढून त्या वर्तमानपत्रांत किती वेळा येतात हे त्यांनी मोजलं. वर्तमानपत्राचा कल मालकाच्या विचारांपेक्षा आसपासच्या वाचकांच्या विचारांशी कितीतरी जास्त जुळतो, असं दिसलं. हे वाचलं तेव्हा मी अस्वस्थ झाले होते, कारण सगळा दोष मालकांचा असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. वाचकालाच जे हवं आहे ते त्याला मिळत असेल, तर उपाय फार अवघड होऊन बसतो.

आता पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. कोण काय बघतो हे त्याच्या आवडीवर ठरत असेल, तर परिणाम वेगळा काढायचा कसा? त्यासाठी असं काहीतरी शोधावं लागतं, ज्यामुळे काही लोकांपर्यंत माध्यम पोचलं आणि काहींपर्यंत पोचलं नाही, पण त्या फरकाचा त्यांच्या विचारांशी संबंध नव्हता. स्टेफानो देलाविन्या आणि ईथन कॅप्लन यांचा 2007 चा शोधनिबंध, म्हणजे आमच्या भाषेत पेपर, या क्षेत्रातल्या प्रत्येकाने एकदा डोळ्यांखालून घातलेला असतो. फॉक्स न्यूज ही रिपब्लिकन पक्षाकडे झुकणारी अमेरिकी वृत्तवाहिनी ऑक्टोबर 1996 मध्ये सुरू झाली. केबल कंपन्यांनी ती एकदम सगळीकडे दिली नाही, गावागावाने दिली. 2000 ची निवडणूक आली तेव्हा काही गावांत ती दिसत होती, शेजारच्या तशाच गावात दिसत नव्हती. 9,256 गावांची तुलना करून त्यांनी दाखवलं की वाहिनी आलेल्या गावांत 1996 ते 2000 या काळात रिपब्लिकन पक्षाच्या मतांचा वाटा 0.4 ते 0.7 टक्के बिंदूंनी जास्त वाढला. आकडा किरकोळ वाटतो. पण त्या निवडणुकीत फ्लोरिडाचा, आणि त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाचा, निकाल 537 मतांनी लागला होता.

अशा युक्त्या वाचत राहा, डोकं तयार होतं. ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू यांनी 2017 मध्ये वाहिनीचा केबलवरचा क्रमांक वापरला: लहान क्रमांकावरची वाहिनी रिमोट फिरवताना जास्त वेळा समोर येते आणि लोक ती जास्त बघतात, मग त्यांचे विचार काहीही असोत. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी रवांडातल्या 1994 च्या नरसंहाराचा अभ्यास करताना डोंगरांचा आधार घेतला. द्वेष पसरवणाऱ्या आरटीएलएम रेडिओच्या लहरी ज्या गावांपर्यंत डोंगरांमुळे पोचल्या नाहीत आणि ज्या गावांपर्यंत पोचल्या, त्यांची तुलना. तो पेपर मी एका बैठकीत संपवू शकले नव्हते. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक गाव आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

मन वळवण्याचं माप म्हणजे काय, हे एकदा कागद-पेन घेऊन स्वतः करून बघा. समजा, वाहिनी नसलेल्या गावात 100 पैकी 40 जण एका पक्षाला मत देतात आणि वाहिनी असलेल्या गावात 42 जण देतात. फरक दोनाचा. पण वाहिनी आली म्हणून गावातल्या सगळ्यांनी ती बघितली नाही, समजा 20 जणांनी बघितली. दोनाला विसाने भागलं की 10 टक्के येतात. इथेच बहुतेक जण थांबतात, मीही थांबले होते. त्या 20 जणांतले काही जण आधीच त्या पक्षाचे होते, त्यांना वळवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वळू शकणारे 60 टक्केच. म्हणून 10 ला 0.6 ने भागायचं, उत्तर येतं जवळपास 17 टक्के. गावभरात दोनाचा फरक, पण ज्यांच्यापर्यंत संदेश पोचला आणि ज्यांचं मन खरोखर वळू शकत होतं त्यांच्यातला सहावा माणूस वळला. फॉक्सच्या पेपरात हे प्रमाण 3 ते 28 टक्के येतं, प्रेक्षक कोणाला म्हणायचं त्यानुसार. एवढी मोठी फट बघून नवखे नाराज होतात. मला उलट तो पेपर त्यामुळेच आवडतो, त्यांनी सोयीचा आकडा पुढे करून बाकीचे झाकले नाहीत.

मजकुरावर काम करायला मिळालं तर नाही म्हणू नका. पण माझी एक चूक ऐकून ठेवा. 1873 पासूनची अमेरिकी काँग्रेसमधली भाषणं संशोधनासाठी खुली आहेत. त्यातून कोणते शब्द कोणत्या पक्षाचे, याची यादी काढायचं काम माझ्याकडे होतं. कोड चालला, आकडे सुरेख आले. एका सत्रात यादीच्या अगदी वर असलेली शब्दजोडी एका पक्षाकडे इतकी झुकलेली होती, की मोठं काहीतरी हाती लागलं असं वाटून मी रात्रीच अहवाल लिहून काढला. सकाळी मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "यातली किती भाषणं वाचलीस?" एकही नाही. मग पन्नास काढून वाचायला बसले. तिसऱ्या-चौथ्या भाषणातच लक्षात आलं, ती जोडी कामकाजाच्या ठरीव वाक्यातली होती, वेळ वाटून देताना म्हणायचं वाक्य. ज्या पक्षाकडे बहुमत असतं त्याचे सदस्य कामकाज चालवतात, म्हणून ते वाक्य त्यांच्या तोंडी जास्त. विचारसरणीचा काडीचा संबंध नव्हता. पुढचा महिना मी असली वाक्यं गाळण्यात घालवला, आणि तो या नोकरीतला सगळ्यात शिकवून गेलेला महिना होता.

ध्रुवीकरणाबद्दल मात्र सावकाश बोलते, कारण इथे प्रत्येकजण उत्तर खिशात घेऊनच येतो: इंटरनेटमुळे झालं. लेव्ही बॉक्सेल यांनी जेन्ट्झकौ आणि शपिरो यांच्यासह 2017 मध्ये अमेरिकेतली आकडेवारी वयोगटांनुसार मांडली. ध्रुवीकरण सर्वात जास्त वाढलं होतं ते वयस्करांमध्ये, म्हणजे जे इंटरनेट आणि सोशल मीडिया सगळ्यात कमी वापरतात त्यांच्यात. याच तिघांनी पुढे 12 देशांची चार दशकांची तुलना केली. परपक्षाबद्दलचा दुरावा अमेरिकेत सगळ्यात जास्त वाढला, तर काही देशांत तो कमी झाला. इंटरनेट तर सगळीकडेच पोचलं होतं.

मग सोशल मीडिया निर्दोष आहे का? तसंही नाही. 2018 च्या अमेरिकी मध्यावधी (राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यात होणाऱ्या) निवडणुकीआधी हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. ज्यांनी बंद ठेवलं त्यांच्या राजकीय मतांमधलं अंतर कमी झालं, ते थोडे जास्त समाधानी झाले आणि त्यांना बातम्याही कमी कळू लागल्या. तिन्ही गोष्टी एकत्र. शिवाय मतांमधलं अंतर आणि समोरच्या पक्षाबद्दलचा राग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या प्रयोगात पहिली कमी झाली, दुसरीत ठळक फरक दिसला नाही. 'ध्रुवीकरण' हा शब्द लिहिण्याआधी आपण यातलं नेमकं काय मोजतोय ते ठरवा. माझ्या पहिल्या मसुद्यात हा शब्द तीन अर्थांनी आला होता आणि छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या रेफरीने तिन्ही जागा दाखवून दिल्या.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. पीएचडीआधी एक-दोन वर्षं संशोधन सहायकाचं काम करा. त्याच्या निवडीत बहुधा डेटाची एक चाचणी असते, तिथे चकचकीत मॉडेलपेक्षा नीट टिपा लिहिलेला, दुसऱ्याला वाचता येणारा कोड बघितला जातो. आकडेवारीसाठीच्या आर किंवा स्टेटा या सॉफ्टवेअरपैकी एक आणि पायथॉन येऊ द्या. गणिताला घाबरू नका, पण संख्याशास्त्र कच्चं ठेवू नका. एक प्रसिद्ध पेपर घेऊन त्याच्या खुल्या डेटावरून सगळे तक्ते स्वतः पुन्हा काढा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा गावांच्या नावांच्या स्पेलिंगमध्येच आठवडा गेला: एकीकडे 'सेंट' पूर्ण लिहिलेलं, दुसरीकडे तोडलेलं, आणि एकाच नावाची दोन गावं एकाच राज्यात. पेपर छापून यायला वर्षं लागतात, तेवढा धीर धरायची तयारी ठेवा.

आणि स्वतःच्या मतांचं काय? ती बाजूला ठेवा, असं मी म्हणणार नाही. राजकारणाची चाड नसलेला माणूस या विषयात टिकत नाही. मी एक वही ठेवते. कुठलाही निकाल बघण्याआधी त्यात तारीख घालून लिहिते, काय येईल असं मला वाटतं आणि काय यावं असं मला वाटतं. निकाल मनासारखा आला की त्या दिवशी कोड दुप्पट वेळा तपासते. गेल्या आठवड्यात नवा सहायक आला. त्याला कोड देण्याआधी मी पन्नास भाषणांचा गठ्ठा दिला आणि त्याच्यासाठी एक कोरी वही काढून ठेवली.